क्यासनूर ते केर: माकडतापाची गोचीड आणि पक्ष्यांवरचा संशय

जानेवारी 2016 मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील केर या गावात तापाचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले आणि त्याच सुमारास गावालगतच्या रानात मेलेली माकडेही सापडू लागली. हा आजार क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजेच बोलीतला माकडताप असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. आदल्याच वर्षी, 2015 मध्ये, सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात हा आजार सापडला होता; त्यामुळे तो दोडामार्गात अगदी आभाळातून पडला असे म्हणता येणार नाही. तरीही महाराष्ट्रात माकडतापाची साथ नोंदली जाण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि जो आजार अर्धशतकभर कर्नाटकातील मलनाडचा म्हणून ओळखला जात होता तो इथे कसा आला, हा प्रश्न ओघानेच उभा राहिला. या प्रश्नाचे एक उत्तर फार जुने आहे. गोचीड पक्ष्याच्या अंगावर बसून येते, असे ते उत्तर. त्यात तथ्य किती आहे आणि केरपुरते ते कितपत लागू पडते, हे तपासण्यासाठी हे प्रकरण मुळापासून पाहणे आवश्यक आहे.

मूळ 1957 सालात आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलाच्या परिसरात, मोठ्या संख्येने माकडे मरत असल्याचे आणि जवळच्या खेड्यांत माणसांना तीव्र ताप येत असल्याचे वृत्त पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरपर्यंत पोहोचले. रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी 1952 मध्ये मिळून उभी केलेली ही संस्था म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. संस्थेचे तेव्हाचे संचालक टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्या मनात आधी जी भीती आली ती पिवळ्या तापाची होती, कारण अमेरिका खंडातील जंगलांत पिवळ्या तापाची वर्दी मेलेली माकडेच देतात आणि हा आजार भारतात कधीच शिरलेला नव्हता. ती भीती लवकरच दूर झाली. माकडांच्या अवयवांतून, रुग्णांच्या रक्तातून आणि जंगलातून गोळा केलेल्या गोचिडींतून जो विषाणू वेगळा झाला तो डासांनी पसरणारा नव्हता. तो रशियातील वसंत-उन्हाळी मेंदूज्वराच्या कुळातला निघाला. शिमोग्याच्या खेड्यांत या आजाराला 'मंगन कायिले', म्हणजे माकडाचा आजार, हे नाव पडले आणि मराठीतला माकडताप हा शब्द त्याच वळणाचा आहे.

पक्ष्यांवरचा संशय इथे सुरू झाला. सायबेरियाच्या तैगा वनांत आढळणाऱ्या विषाणूचा सख्खा भाऊ उष्ण कटिबंधातल्या पानझडी-सदाहरित जंगलात सापडतो, मधल्या हजारो किलोमीटरमध्ये त्याचा मागमूस नाही, आणि दर हिवाळ्यात सायबेरियातून लाखो पक्षी मात्र भारतात उतरतात. या तीन गोष्टी शेजारी मांडल्या की निष्कर्ष आपसूक निघाल्यासारखा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी 1959 पासून पक्षिस्थलांतराच्या अभ्यासाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, त्यामागे हा संशय एक महत्त्वाचे कारण होता. पक्षी जाळ्यात पकडायचा, त्याच्या पायात 'इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी' अशी अक्षरे कोरलेले कडे चढवायचे, त्याच्या अंगावरच्या गोचिडी व इतर परजीवी वेचून घ्यायचे, रक्ताचा नमुना घ्यायचा आणि त्याला सोडून द्यायचे, असे ते काम होते. पुढे याच कामाला अमेरिकी लष्कराशी संबंधित प्रकल्पातून पैसा मिळाल्याने वाद झाला आणि प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेले. तो वाद महत्त्वाचा असला तरी आपल्या प्रश्नाच्या उत्तराला त्याने फरक पडत नाही. कडी घातलेल्या पक्ष्यांनी भारतातील स्थलांतराचे चित्र पहिल्यांदाच नकाशावर आणले, ही या कार्यक्रमाची खरी कमाई होय. सायबेरियातून माकडतापाचा विषाणू पक्ष्याने आणल्याचा पुरावा मात्र त्यातून मिळाला नाही.

तो का मिळाला नसावा, हे समजण्यासाठी गोचीड जवळून पाहिली पाहिजे. माकडतापाची मुख्य वाहक हिमॅफिसॅलिस स्पायनिजेरा ही जनावरांच्या कासेला लटकलेली, वाटाण्याएवढी फुगलेली जी गोचीड सर्वांच्या परिचयाची आहे तिच्या मानाने फार लहान असते. तिच्या आयुष्यात तीन टप्पे येतात आणि प्रत्येक टप्प्यावर ती वेगळ्या प्राण्याचे रक्त एकदाच पिते. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरपासून, अंड्यांतून सहा पायांची अळी बाहेर पडते. ती मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असते. एकाच मादीची शेकडो अंडी एकाच जागी फुटत असल्याने गवताच्या एखाद्या पात्याच्या टोकावर या अळ्यांचा तांबूस पुंजका दाटलेला दिसतो आणि जवळून काही सरकले की तो सगळा पुंजका पुढचे पाय पसरून हलू लागतो, कारण श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब ओळखणारी इंद्रिये त्या पुढच्या पायांवरच असतात. उंदीर, खार, माकड किंवा जमिनीवर चरणारा पक्षी यांपैकी जो सापडेल त्याला अळी चिकटते, काही दिवस रक्त पिते आणि गळून पालापाचोळ्यात पडते. तिथे कात टाकून आठ पायांचे पिल्लू तयार होते. साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत रानात सुळसुळाट असतो तो या पिल्लांचा, आणि माणसाला माकडताप होतो तो बहुतेक वेळा यांच्याच चाव्याने. पुन्हा एकदा रक्त पिऊन, गळून, कात टाकून पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात गुरांच्या किंवा गव्या-सांबरांसारख्या मोठ्या जनावरांच्या अंगावर जाते, तिथे नर-मादी एकत्र येतात आणि मादी जमिनीवर पडून अंडी घालते.

पक्ष्याच्या अंगावर अळी किंवा पिल्लू हटकून बसते ते डोळ्यांच्या कडेला, कानाच्या भोकाजवळ आणि चोचीच्या बुडाशी, म्हणजे चोच जिथे पोहोचत नाही अशा ठिकाणी. अंगावरची इतर जागा पक्षी चोचीने साफ करतो.

आता दिवसांचा हिशेब मांडून पाहावा. या गोचिडीची अळी पक्ष्याच्या अंगावर जेमतेम आठवडाभर टिकते. सायबेरियातून निघालेल्या बहुतेक पक्ष्यांना टप्प्याटप्प्याने इथवर यायला अनेक आठवडे लागतात. वाटेत ती गळून पडणार, आणि जिथे पडेल ते ठिकाण मलनाडचे जंगल नसणार. दुसरे असे की सायबेरियातील मेंदूज्वराची मुख्य गोचीड थंड प्रदेशातली आहे, ती मलनाडमध्ये आढळत नाही, तर क्यासनूरमध्ये सापडलेली गोचीड दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत दूरवर पसरलेली, इथलीच जात आहे. हंगामाचा मेळही बसत नाही. स्थलांतरी पक्षी इथे पोहोचतात तेव्हा आपल्याकडच्या अळ्या नुकत्याच बाहेर पडलेल्या असतात, म्हणजे पक्षी गोचीड घेऊन येण्यापेक्षा इथली गोचीड त्याला इथे आल्यावर लागण्याची शक्यता अधिक. तैगातून थेट मलनाड हा प्रवास मला म्हणूनच पटत नाही.

याखेरीज दोन स्वतंत्र गोष्टी त्याच दिशेने बोट दाखवतात. क्यासनूरची साथ उघडकीस येण्यापूर्वी, 1952 च्या सुमारास, भारतात निरनिराळ्या विषाणूंविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधण्यासाठी रक्तनमुन्यांची पाहणी झाली होती, आणि तीत कच्छ व सौराष्ट्रातील माणसांच्या रक्तात रशियन मेंदूज्वराच्या कुळातील विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली होती. याचा अर्थ या कुळातला कोणीतरी सदस्य 1957 च्या आधीपासून, क्यासनूरपासून हजारएक किलोमीटरवर, वावरत होता. दुसरी गोष्ट जनुकांची. माकडतापाच्या विषाणूचा सर्वांत जवळचा नातेवाईक रशियात नसून सौदी अरेबियात आहे. 1990 च्या दशकात तिथे सापडलेल्या अलखुरमा विषाणूशी त्याचे साम्य फार जवळचे आहे. हे दोघे एकमेकांपासून केव्हा वेगळे झाले याचा 2009 मधील अंदाज 1940 च्या दशकापर्यंतच जात होता, परंतु 2011 मध्ये संपूर्ण जनुकसंच तपासल्यावर तो सुमारे 700 वर्षे मागे गेला. विषाणू 1957 मध्ये नव्याने आला नव्हता, तो 1957 मध्ये आपल्याला दिसला, असे मानणे या पुराव्याशी अधिक जुळते.

एवढ्यावरून पक्ष्यांना निर्दोष ठरवून मोकळे होणेही बरोबर नाही. क्यासनूरच्या जंगलात, सागर येथील क्षेत्रकेंद्रातून, पुढची अनेक वर्षे जे काम झाले त्यात रानकोंबडा, चकोत्री अशा जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर हिमॅफिसॅलिसच्या अळ्या आणि पिल्ले मोठ्या संख्येने आढळली. पालापाचोळा उकरत दिवस काढणाऱ्या पक्ष्याला गोचीड लागणार हे उघडच आहे. हे पक्षी समुद्र ओलांडत नाहीत, हिमालय ओलांडत नाहीत. ते एका राईतून दुसऱ्या राईत, जंगलातून बागेत, बागेतून शेताच्या बांधावर जातात आणि गोचीड त्यांच्याबरोबर तेवढे अंतर जाते. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील पक्ष्यांची खरी भूमिका हीच आहे. सायबेरियाच्या बदकांचा शोध घेताना अंगणाच्या कडेला उकिरडा उकरणाऱ्या रानकोंबड्याकडे आपले दुर्लक्ष झाले. विषाणूची संख्या वाढवण्याचे काम माकडे व लहान सस्तन प्राणी करतात, पक्षी प्रामुख्याने गोचिडीला पोसतो आणि थोड्या अंतरावर नेऊन टाकतो. पश्चिम घाटाच्या कडेने देशातल्या देशात ये-जा करणारे पक्षीही या दृष्टीने पाहिले पाहिजेत. पावसाच्या तोंडावर कोकणात येणारा आणि हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे परतणारा नवरंग जंगलाच्या जमिनीवरच, पाचोळा उलथत अन्न शोधतो. अळ्या फुटण्याच्या दिवसांत तो दक्षिणेकडे निघालेला असतो. त्याच्या अंगावर काय सापडते हे पाहण्याजोगे आहे, एवढेच मी म्हणेन.

पक्ष्यांमार्फत गोचीड खरोखर दूर जाते तेव्हा ती कशी जाते, याचे उदाहरण युरोपात 2018 च्या उन्हाळ्यात दिसले. त्या वर्षी जर्मनी आणि स्वीडनमध्ये, एरवी दक्षिणेत आढळणाऱ्या हायलोमा गोचिडींच्या पूर्ण वाढलेल्या माद्या आणि नर घोड्यांवर सापडले. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात कधीही परदेशी न गेलेल्या एका घोड्यावर अशी एक गोचीड मिळाली. या गोचिडीची रचना मुळात वेगळी आहे. तिची अळी आणि पिल्लू हे दोन्ही टप्पे एकाच प्राण्यावर पार पडतात आणि ती जवळजवळ दोन ते साडेतीन आठवडे त्याला चिकटून राहते, म्हणून वसंतात आफ्रिकेतून उत्तरेकडे निघालेल्या पक्ष्यावर बसून सहारा आणि भूमध्य समुद्र पार करणे तिला जमते. उत्तरेत गळून पडल्यावर तिला कात टाकून प्रौढ व्हायला पुरेशी ऊब लागते. दरवर्षी ती मिळत नाही, 2018 च्या असामान्य उन्हाळ्यात ती मिळाली. भूमध्य समुद्रातील बेटांवर पकडलेल्या स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील अशाच गोचिडींत माकडतापाचा नातेवाईक असलेल्या अलखुरमा विषाणूचे जनुकीय अंशही सापडले आहेत. म्हणजे या कुळातील विषाणूचा पक्ष्यांमार्फत दूरचा प्रवास अशक्य नाही. पण त्यासाठी गोचीड त्या घडणीची असावी लागते, आणि आपल्या घाटातील हिमॅफिसॅलिस त्या घडणीची नाही.

मग केर गावात काय झाले? इथे पक्ष्यांपेक्षा गुरांचा आणि झाडांचा विचार अधिक फळ देतो. होर्हे बोशेल या संशोधकाने 1969 मध्ये मांडलेली बाजू आजही भक्कम वाटते: गावे जंगलात सरकली, जंगल तुटून त्याच्या कडा वाढल्या आणि त्या कडांवर गुरे चरू लागली. गुरांना स्वतःला हा आजार होत नाही, पण पूर्ण वाढलेल्या गोचिडीला पोटभर रक्त आणि जोडीदार तिथे मिळतो, आणि जिथे पूर्वी मोजक्या गोचिडी होत्या तिथे त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळ्तंगडी तालुक्यात 1983 च्या सुमारास जी मोठी साथ आली ती काजू लागवडीसाठी जुने जंगल तोडल्यानंतर आली, ही गोष्ट दोडामार्ग-सावंतवाडीतल्या माणसाने फार लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. कारण इथलाही प्रदेश तोच आहे: एका अंगाला तिलारीचे घनदाट रान, दुसऱ्या अंगाला त्या रानात शिरत गेलेल्या काजूच्या बागा, आणि दोन्हींत कुंपण मानत नसलेली माकडे, रानकोंबडे व गुरे. कर्नाटकातील हत्ती 2002 पासून याच सलग रानातून दोडामार्गात उतरले. ज्या वाटेने हत्ती येतो त्या वाटेने वानरांचा कळप आणि त्याच्या अंगावरची गोचीड येण्यास काहीच अडचण नाही.

काजूच्या बागेत काम कसे चालते हे पाहिले तर धोका कुठे आहे ते आपसूक समजते. काजू झाडावरून तोडत नाहीत. बोंडू, म्हणजे काजूचे फळ, पिकून बीसकट खाली पडतो आणि तो जमिनीवरून वेचावा लागतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत रोज सकाळी, बहुधा बायका, झाडाखाली ओणव्या होऊन पातेरा, म्हणजे पडलेला पाचोळा, हाताने बाजूला सारत बी शोधतात, पिरगाळून बोंडूपासून वेगळी करतात आणि कमरेला बांधलेल्या ओटीत किंवा टोपलीत टाकतात. पाय बहुतेक वेळा अनवाणी किंवा साध्या चपलेत असतात. पिकलेल्या बोंडवांसाठी माकडेही त्याच झाडांवर येतात. पेरणीपूर्वी तरव्याची, म्हणजे भाताची रोपे वाढवायच्या जागेची, भाजावळ करायची, गोठ्यात गुरांखाली अंथरायचे, खत करायचे, म्हणून तोच पातेरा पाट्या भरभरून डोक्यावरून घरी नेला जातो. गोचिडीच्या पिल्लांचा भर, काजूचा हंगाम आणि पातेरा गोळा करण्याचे दिवस हे तिन्ही एकमेकांवर नेमके बसतात. गोव्यातील काजूबागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांमध्ये 2016 मध्ये माकडताप आढळला, तोही याच कामातून. त्यांनी तो गावी नेऊन पसरवला असे मात्र नाही, कारण माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही.

यात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. 2012 च्या अखेरीस बंडीपूरच्या बाजूला मेलेल्या माकडांत विषाणू सापडला, 2013 मध्ये तमिळनाडूतील निलगिरी आणि केरळातील वायनाड इथे, मग गोवा, मग सिंधुदुर्ग. नकाशावर ही ठिकाणे तारखांच्या क्रमाने जोडली तर आजार दोन्ही दिशांना पसरत चालल्याचे चित्र उमटते. पण 2012 पूर्वी या भागांत मेलेले माकड तपासायला पाठवले जात नव्हते आणि जानेवारीतल्या तापाचा रुग्ण डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस किंवा साधा विषाणूजन्य ताप या नावाखाली औषध घेऊन घरी जात होता. याच काळात पुण्याच्या संस्थेने नेमक्या व जलद चाचण्या विकसित केल्या. या नोंदींतील काही भाग प्रसाराचा आणि काही भाग शोधाचा आहे, आणि दोन्हींची सरमिसळ करून 'नवा आजार आला' असे म्हणण्याची घाई करू नये. गोचीड दोडामार्गात आधीपासून होती याबद्दल मला शंका वाटत नाही. विषाणू तिथे नव्याने आला की रानात गुपचूप होता, याचे उत्तर जुने नमुनेच देऊ शकले असते आणि ते कोणी घेऊन ठेवलेले नाहीत.

त्यामुळे या प्रकरणातून हाती घेण्याजोगे काम पक्षी पकडण्यापासून सुरू होत नाही, मेलेल्या माकडापासून होते. आजारी माकड झाडावरून खाली उतरते, पाण्याच्या जवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी पडते आणि मेल्यावर त्याचे अंग थंड होताच त्याच्यावरच्या गोचिडी त्याच जागी पाचोळ्यात उतरतात. पुढचे काही महिने तो तुकडा आसपासच्या रानापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा असतो. म्हणूनच मृत माकडाभोवती 50 फुटांच्या परिसरात कीटकनाशक भुकटी धुरळण्याची पद्धत आहे, आणि ती तेव्हाच उपयोगी पडते जेव्हा बातमी दोन-तीन दिवसांत कळते. माकड दिसल्यावर हात न लावता वनरक्षकाला किंवा आरोग्य उपकेंद्राला कळवणारा माणूस गावागावात असणे, ही या आजारातील सर्वांत मोलाची यंत्रणा आहे. रुग्णांतील 3 ते 5 टक्के दगावतात, खास औषध नाही, आणि वर्षानुवर्षे वापरात असलेली जुनी लस अपुऱ्या परिणामामुळे थांबवावी लागली. अशा स्थितीत आधी कळणे हेच हाती उरते.

त्यानंतर गोचिडीची मोजणी. पांढऱ्या फ्लॅनेलचा मीटरभर तुकडा काठीला बांधून पाचोळ्यावरून हळूहळू ओढत नेला की पिल्ले त्याला चिकटतात आणि पांढऱ्यावर तपकिरी ठिपके म्हणून सहज मोजता येतात. रान, बाग, गुरांची वाट आणि पाणवठा अशा चार जागी ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात केले, आणि जोडीला जाळ्यात आलेल्या रानकोंबड्या, सातभाई, नवरंग यांच्या डोळ्यांच्या व कानांच्या कडा भिंगाखाली तपासल्या, तर पक्षी बागेत किती गोचिडी आणून टाकतात याचे दोडामार्गापुरते उत्तर अंदाजावर अवलंबून राहणार नाही. फेब्रुवारीत पहिला बोंडू पडतो. त्याआधी हाती असलेला वेळ दोन महिन्यांचा आहे.